कुरणातल्या नलिनीवहिनी

अमितचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या तपासणीच्या रांगेत होतो. आमच्या न्यू जर्सीत ठरावीक काळाने गाडी सरकारी केंद्रावर नेऊन तिच्या धुराची परीक्षा द्यावी लागते. "काका, आई गेली," अमित म्हणाला. "झोपेतच. मी शेजारीच होतो." त्रास झाला का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. श्वास लांबत लांबत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. त्यानंतरही फोन कुणीच ठेवला नाही. रांग पुढे सरकली तशी मीही गाडी पुढे घेतली. बातमी अनपेक्षित नव्हती. नलिनीवहिनींचं हृदय गेलं वर्षभर थकत चाललं होतं आणि हॉस्पिटलात पुन्हा जायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी रांग सोडली नाही. गाडी तपासून घेतली, काचेवर नवा स्टिकर लावून घेतला आणि मग पिस्कॅटवेला त्यांच्या घरी गेलो. पुढे हे मी माझ्या बायकोला, मीनाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, वहिनींनीही असंच केलं असतं. मला वाटतं, तिचं बरोबर आहे.

नलिनीवहिनी म्हणजे माझा मित्र माधव, त्याची बायको. माधव आणि मी सांगलीला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो आणि पुढे थोड्या अंतराने अमेरिकेत आलो. मी रस्ते आणि गटारं बांधण्यात नोकरी काढली, तो औषधांच्या कारखान्यात यंत्रं बघायचा. वहिनी सोलापूरच्या. डॉक्टर होत्या, भूलतज्ज्ञ. इथल्या एका हॉस्पिटलात निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोकांना भूल दिली. बोलणं कमी, आणि जे बोलायच्या ते ऑपरेशन टेबलाशी उभं राहून बोलल्यासारखं, एका पट्टीत, वाक्य पुरं करून. त्यांच्याकडे कुणी जेवायला गेलं की दारातच त्या विचारायच्या, "शेवटचं काय खाल्लंत आणि कधी?" पेशंटला विचारायचा प्रश्न पाहुण्यांनाही विचारतात म्हणून माधव चिडवायचा. त्या हसायच्या नाहीत, पण प्रश्नही बदलायच्या नाहीत. आमच्या पिढीतली बरीच मंडळी एकमेकांच्या घरी भजनं, नाटकं, क्रिकेट यात रमायची. वहिनी अशा ठिकाणी यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, आणि निघताना स्वयंपाकघरातली भांडी घासून जायच्या. गर्विष्ठ आहेत असं काहींचं मत होतं. सुरुवातीला माझंही थोडंसं तसंच होतं.

माधव गेला आणि घरात त्या एकट्या राहिल्या. अमित टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला. तिथे त्याची नोकरी, बायको, मुलगी. त्याने आईला तिकडे बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. त्याच सुमारास त्यांच्या थिएटरमधली जुनी नर्स रूथ त्यांना एका रविवारी क्वेकरांच्या सभेला घेऊन गेली. रूथ अमेरिकन, वहिनींहून थोडी मोठी. अमित लहान होता आणि वहिनींची ड्यूटी लांबायची तेव्हा ती त्याला स्वतःच्या घरी नेऊन सांभाळायची. पोहायलाही तिनेच शिकवलं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक जुना पंथ, पण ना पाद्री, ना वेदी, ना क्रूस. साध्या लाकडी खोलीत समोरासमोर बाकं मांडलेली असतात आणि लोक तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर ते उभं राहून बोलतं, बसतं, आणि पुन्हा शांतता. तास संपला की शेजाऱ्याशी हस्तांदोलन करायचं. बस्स. रूथने त्यांना कशाला नेलं, हे मी एकदा विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या घरात शांतता फार झाली होती. चार माणसांत बसून ती जरा कमी होते का, ते बघायला गेले."

पुढे मोतीबिंदूमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि दर रविवारी त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त झालो होतो आणि मीनाचा रविवार मराठी शाळेत जायचा. त्या तासाभरात परत घरी जाऊन येण्यात अर्थ नव्हता, म्हणून मीही आत बसू लागलो. पहिले काही महिने मी छताच्या तुळया मोजून घालवले. जागा छान होती, हे मात्र खरं. जुनं दगडी सभागृह, त्यांच्या भाषेत मीटिंग हाऊस, मागे त्यांची दफनभूमी, तिच्यापलीकडे थोडं रान, आणि चहूबाजूंनी हळूहळू वाढत आलेली गोदामं. हिवाळ्यात तिथे हीटर इतका कमी ठेवलेला असायचा की बाकांवर घोंगड्यांच्या घड्या मांडून ठेवत. बर्फ पडला की वाटेवर मीठ टाकायचं नाही, वाळू टाकायची. मीठ विरघळून जवळच्या झऱ्यात जातं म्हणून. सभेनंतरच्या जेवणाला प्रत्येकाने स्वतःची ताटली घरून आणायची आणि घरी नेऊन धुवायची. कपडे वाळवायला दोरी, पावसाचं पाणी धरायला पिंप, एका गाडीत चौघं. याबद्दल कुणी भाषण देत नसे. महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी कुणीतरी एखादा प्रश्न वाचून दाखवायचं, तोही सल्ल्याच्या सुरात नाही. तुम्ही जे वापरता ते कुठून येतं, आणि वापरून झालं की कुठे जातं, अशा धर्तीचा. उत्तर द्यायचं नसे. प्रश्न वाचायचा आणि गप्प बसायचं. मी आयुष्यभर गटारं बांधली असल्यामुळे त्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर मला चांगलंच ठाऊक होतं. पण विचारत कुणी नव्हतं.

अशाच एका रविवारी, तो प्रश्न वाचून झाल्यावर बऱ्याच वेळाने, वहिनी उभ्या राहिल्या. तोवर त्या तिथे कधी बोलल्या नव्हत्या. अर्थात इंग्रजीत बोलल्या, पण मला ते मराठीतच आठवतं. "मी आयुष्यभर माणसांना झोपवलं," त्या म्हणाल्या. "ज्या वायूने झोपवलं तो त्यांच्या श्वासातून बाहेर पडायचा आणि नळीतून हॉस्पिटलच्या छपरावर जायचा. तिथून तो हवेत जातो आणि उष्णता धरून ठेवतो, कार्बनपेक्षा कितीतरी जास्त. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. मला त्याची खंत नाही. माणसं शुद्धीवर आली, घरी गेली. पण आता कळलं आहे. आणि कळल्यानंतर नळी कुठे जाते ते बघायला हवं." एवढं बोलून त्या बसल्या आणि मांडीवरची घोंगडी नीट केली. परतीच्या वाटेवर मी विचारलं, अचानक का बोलावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "अचानक नाही. बरेच महिने आत होतं. आज पाय उभे राहिले."

त्यानंतर त्या बदलल्या असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. त्या तशाच होत्या. फक्त जिथे जातील तिथे नळी कुठे जाते ते बघू लागल्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी कागदी ताटांऐवजी स्टीलची ताटं आणवली आणि धुवायला स्वतः उभ्या राहिल्या. शाळेचं किचन भाड्याने घेतलेलं, पाणी गार, ताटांचा ढीग, आणि मदतीला मी, मीना आणि दोन-तीन जणी. बाहेर आरती संपून नाच सुरू झाला तरी आमचं विसळणं चाललेलं. दुसऱ्या वर्षी मंडळाने नम्रपणे कागदी ताटं परत आणली आणि वहिनींनी तितक्याच नम्रपणे स्वतःचं ताट पिशवीतून काढलं. आजही मंडळात कागदी ताटंच आहेत. फक्त पाच-सात घरं आता आपापली ताटं घेऊन येतात, आणि पहिल्यांदा आलेले पाहुणे त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात.

क्वेकरांच्या दफनभूमीतल्या गवताचा प्रश्न निघाला तो याच काळात. तिथे पूर्वी गोल्फच्या मैदानासारखं गवत कापलेलं असे. काही सभासदांचं म्हणणं पडलं की ते कापणं बंद करावं, म्हणजे इथली मूळची फुलझाडं परत येतील, मधमाश्या आणि फुलपाखरं येतील, यंत्राचं पेट्रोल वाचेल. वहिनी त्याच बाजूच्या होत्या. विरोध एकटीचाच होता, रूथचा. तिच्या नवऱ्याच्या थडग्याचा दगड तिथे होता; क्वेकरांचे दगड गुडघ्याएवढेही नसतात, आणि गवत वाढलं तर तो दिसणार नाही, असं तिचं म्हणणं. शिवाय गोचिड्या होतील, ही भीती. या मंडळींत मतदान नसतं. सगळ्यांचं मन एका ठिकाणी येईपर्यंत निर्णय होत नाही, आणि एकाही माणसाचं येत नसेल तर बाकीचे थांबतात. सभेचं कामकाज बघणारे डेव्हिड, एक निवृत्त शिक्षक, शांतपणे सांगत की अजून आपण तिथे पोचलेलो नाही, पुढच्या महिन्यात बघू. असं महिनोन्महिने चाललं. मला ते बघून अक्षरशः वैताग यायचा. आमच्या खात्यात एवढ्या वेळात पूल बांधून झाला असता. मी गाडीत वहिनींना म्हणालो की रूथ एकटी आहे, बाकीच्यांनी ठराव करून मोकळं व्हावं. त्या म्हणाल्या, "पेशंट पुरता झोपायच्या आधी सर्जनने चाकू लावलेला मी बघितला आहे. एकदाच. तेवढं पुरे."

वहिनींनी रूथशी वाद घातला नाही. त्या सभेनंतर तिच्याबरोबर दगडापर्यंत चालत जायच्या, एवढंच. दोघी तिथे उभ्या राहायच्या. एका उन्हाळ्यात रूथने स्वतःच सांगितलं की गवत वाढू द्या, मात्र दगडापर्यंत जायला एक पायवाट कापलेली ठेवा. तसं झालं. रस्त्याकडेची एक पट्टीही कापलेली ठेवायची, म्हणजे हे आळसाने वाढलेलं नाही तर मुद्दाम वाढवलेलं आहे, हे शेजाऱ्यांना कळेल, ही सूचना माझी. तिथे माझा उपयोग झाला तो एवढाच. दुसऱ्या वर्षी त्या जागेचं कुरण झालं. कमरेएवढं गवत, त्यात पिवळी आणि जांभळी फुलं, आणि रूथच्या नवऱ्याकडे जाणारी नागमोडी वाट.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एका थँक्सगिव्हिंगला अमित आईकडे आला होता, आम्हीही जेवायला होतो. जेवण झाल्यावर वहिनींनी, जणू उद्या कुठे जायचं आहे असं सांगावं तशा सुरात, सांगितलं की गेल्यावर मला दहन नको. मीटिंग हाऊसच्या मागे त्या कुरणात पुरा. पेटी नको, औषधं टोचून देह टिकवायचा नाही, सिमेंटची चौकट नको. कापडात गुंडाळून सरळ मातीत. क्वेकरांनी त्या जागेचा एक भाग अशा दफनासाठी ठेवला होता. वहिनींचं म्हणणं साधं होतं. इथे आपल्याला चितेवर कुणी ठेवत नाही, गॅसच्या भट्टीत ठेवतात. "पुन्हा नळी छपरावरच जाते," त्या म्हणाल्या. मीनाने तोंडावर हात ठेवला. अमितने ताट उचललं आणि आत निघून गेला.

बाहेर आल्यावर तो जे बोलला त्यात राग कमी आणि गोंधळ जास्त होता. "आई, तू ख्रिश्चन झालीयस का? सरळ सांग. मला प्रॉब्लेम नाही, पण सांग." त्यांनी देवघराकडे बोट दाखवलं. सकाळची पूजा झालेली होती, फुलं होती. त्या म्हणाल्या की लहानपणी सोलापूरला शेजारी लिंगायत कुटुंब होतं, त्यांची आजी गेली तेव्हा तिला बसवून पुरलं होतं, ती काय ख्रिश्चन होती? आपल्यातही संन्याशाला पुरतात, लहान मूल गेलं तर पुरतात. अमित म्हणाला, "तू लिंगायत नाहीस, संन्यासी नाहीस आणि लहान मूल तर नाहीसच." वाद तिथेच थांबला, कारण वहिनी पुढे बोलल्याच नाहीत. मात्र आठवड्याभराने त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "दिलीपराव, मला तुमची मदत हवी. सल्ला नको."

क्वेकरांकडे एक पद्धत आहे. एखाद्याच्या मनात गुंता असला की त्याने पाच-सहा माणसं निवडायची. ती माणसं त्याच्याभोवती बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायचा नाही, मत सांगायचं नाही, स्वतःचे अनुभव सांगायचे नाहीत. प्रश्नही असा, की ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर माहीत नाही. वहिनींनी डेव्हिड, रूथ, मीना आणि मला बोलावलं, आणि अमितला फ्रिस्कोहून यायला लावलं. त्यांच्याच दिवाणखान्यात बसलो. डेव्हिडने नियम सांगितले आणि शांतता झाली. मराठी माणसाला असं बसणं किती जड जातं, ते मी तेव्हा अनुभवलं. मी चार-पाच प्रश्न मनात तयार केले आणि प्रत्येक वेळी लक्षात आलं की शेपटीला प्रश्नचिन्ह लावलेला तो सल्लाच आहे. मीना म्हणाली, "वहिनी, लोक काय म्हणतील याचा…" आणि स्वतःच थांबली. रूथने विचारलं की मातीची तुला भीती वाटते का. वहिनी जरा विचार करून म्हणाल्या, हो, थोडी वाटते. अंधाराची नाही, पावसाची वाटते. भिजण्याची.

अमित बराच वेळ जमिनीकडे बघत बसला होता. मग त्याने मराठीत विचारलं, "आई, तू गेल्यावर मी हातात काय घेऊन जाऊ?"

डेव्हिड आणि रूथला मराठी येत नव्हतं, पण त्यांनी अर्थ विचारला नाही. अमित सावकाश सांगू लागला. बाबांच्या अस्थी तो सांगलीला कृष्णेत सोडायला घेऊन गेला होता, ते आम्हाला माहीत होतं. विमानात तो कलश त्याने वर ठेवू दिला नव्हता, सगळा प्रवास मांडीवर धरला होता, ते माहीत नव्हतं. "इथे हॉस्पिटल, फ्युनरल होम, पेपर्स, लोकांचे फोन… मला काही कळलंच नाही. त्या फ्लाइटमध्ये मला कळलं की बाबा गेले. नंतर नदीत हात घालून सोडलं तेव्हा ते सुटलं. तुझ्या वेळी मला ते नसेल."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज हललेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही हलला असं म्हणता येणार नाही, पण तो जरा खाली आला. "हे मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझं मन होईपर्यंत मी थांबते. नाही झालं तर भट्टी चालेल मला. तुझ्यावर लादून नाही जायचं."

ती बैठक तशीच संपली, निर्णयाशिवाय. डेव्हिड समाधानाने घरी गेले. मी मात्र वैतागलो होतो. मला वाटलं, वहिनींचं वय, त्यांची तब्येत, हे थांबणं त्यांना परवडणारं नाही. पण त्या खरोखर थांबल्या. अमितशी रोज संध्याकाळी फोन व्हायचा, त्यात नातीचा अभ्यास, तिकडचा उन्हाळा, भाजी कुठली केली हे सगळं असायचं, तो विषय नसायचा. मीनाने एकदा विचारलं की आठवण करून देऊ का अमितला. "नको," वहिनी म्हणाल्या. "त्याला आठवण आहे."

पुढच्या वसंतात रूथ गेली. तिने स्वतःसाठी तेच मागून ठेवलं होतं, नवऱ्याच्या दगडाशेजारी कुरणात. अमित त्या दफनासाठी मुद्दाम विमानाने आला. लहानपणी जिने सांभाळलं तिच्यासाठी, असं त्याने ऑफिसात सांगितलं होतं. गवत नुकतं हिरवं होऊ लागलेलं, झाडांना पालवी. रूथला तिच्याच एका जुन्या गोधडीत गुंडाळून फळीवर आणलं होतं. अंत्यसंस्कारांची व्यवस्था बघणाऱ्या फ्युनरल होमचा माणूस कागदपत्रांपुरता आला आणि एका बाजूला उभा राहिला. बाकी सगळं लोकांनीच केलं. पट्ट्यांवर तिला खाली उतरवलं आणि वर्तुळात उभे राहून सगळे शांत झाले. मग बाजूला ठेवलेली फावडी ज्याने त्याने आळीपाळीने उचलली. पद्धत अशी की थोडी माती लोटायची आणि फावडं पुढच्याकडे द्यायचं. अमितने घेतलं आणि दिलंच नाही. कोट काढून गवतावर टाकला, बाह्या वर सारल्या आणि माती लोटत राहिला. रूथचा मुलगा दुसरं फावडं घेऊन त्याच्या समोर आला. बाकीचे उभे होते, कुणी घाई केली नाही, आणि वहिनी घडीच्या खुर्चीत बसून अमितकडे बघत होत्या. खड्डा भरून वर उंचवटा झाला तेव्हा अमितने फावड्याच्या पाठीने तो थोपटला, एकदा, दोनदा, आणि मग फावडं खाली ठेवलं.

तिथून आम्ही वहिनींच्या घरी आलो. स्वयंपाकघरात अमित नळाखाली हात धूत होता, नखांतली माती निघत नव्हती. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या, मी चहा टाकत होतो. पाठ आमच्याकडे असतानाच तो म्हणाला, "आई, चालेल."

"नक्की?" वहिनींनी विचारलं.

"नक्की नाही. पण चालेल."

त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, आलं जास्त घाला.

त्यानंतर वहिनींना वर्षाहून थोडा अधिक काळ मिळाला. बातमी मंडळात पसरली आणि बरीच चर्चा झाली. काहींनी अमितला फोन करून आईला समजवायला सांगितलं. आपल्याकडच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले की शास्त्राचा शोध घेतला तर दोन्हीकडचे आधार सापडतील, मुलाची संमती असेल तर मी येऊन मंत्र म्हणेन. त्यांच्या या उत्तराने अर्धी चर्चा थंडावली. उरलेली वहिनींच्या कानावर गेली असेल, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. शेवटच्या हिवाळ्यात सभेला जाणं बंद झालं. मग डेव्हिड आणि दोन-तीन जण रविवारी दुपारी घरी येऊन त्यांच्या पलंगाभोवती अर्धा तास गप्प बसायचे आणि जाताना तुळशीला पाणी घालून जायचे. शेवटच्या दिवसांत अमितही येऊन राहिला.

त्या गेल्या त्या दिवशी मी पोचलो तेव्हा गंगेचा गडू उघडून झाला होता, तुळशीचं पान ठेवून झालं होतं. आता प्रश्न होता कापडाचा. नियम एकच, की कापड पूर्ण नैसर्गिक धाग्याचं हवं. कृत्रिम धागा मातीत तसाच राहतो. मीनाने आणि अमितने कपाट उघडून साड्या पलंगावर काढल्या. लग्नातल्या शालूची जर प्लॅस्टिकची निघाली. हातमागाची म्हणून घेतलेल्या एका साडीत भेसळ होती. मीना प्रत्येकीचा पदरातला एक धागा ओढायची, वाटीवर धरून काडी लावायची, आणि तो कागदासारखा जळतो की वितळून त्याचा मणी होतो, ते बघायची. खोलीभर जळक्या धाग्यांचा वास झाला. एरवी हे सगळं फार विचित्र वाटलं असतं. तेव्हा बरं वाटलं, हाताला काम होतं. शेवटी अमितने अंथरुणांच्या कप्प्यातून सोलापुरी चादर काढली. वहिनींच्या माहेरून आलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. मीनाने धागा जाळून बघितला. राख झाली, बोटांत चुरली तर भुगा. "सुती आहे," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.

दफन रूथसारखंच झालं. गुरुजींनी सोवळ्यावर जाड कोट घालून मंत्र म्हटले, मग क्वेकरांची शांतता. त्या शांततेत डेव्हिड उभे राहून म्हणाले की नलिनीने आम्हाला कधी काही शिकवलं नाही, ती फक्त विचारायची, हे कुठे जातं? मग आमच्या मंडळातल्या, वहिनींना सर्वांत जास्त नावं ठेवणाऱ्या एक काकू अनपेक्षितपणे बोलल्या. म्हणाल्या, माझ्या ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला याच होत्या, आणि मी जागी झाले तेव्हाही माझा हात यांच्याच हातात होता. या वेळी अमितने फावडं धरून ठेवलं नाही. थोडी माती लोटली आणि माझ्याकडे दिलं, मी मीनाकडे, मीनाने त्या काकूंकडे. ते असं फिरत राहिलं. त्याच्या हातांना मात्र माती लागलेली होती, आणि विमानतळावर मी त्याला सोडलं तेव्हाही ती नखांत होती.

अशा दफनात वर मातीचा बराच मोठा उंचवटा ठेवतात. तो हळूहळू बसतो; पाऊस पडतो, बर्फ वितळतो, खालचं खाली जातं, आणि कधीकधी खड्डा पडू लागला तर वरून आणखी माती घालावी लागते. माती बसणं हा माझ्या धंद्यातला विषय. तेव्हा ते काम डेव्हिडनी माझ्याकडे दिलं. सध्या रविवारी सभा संपली की मी कापलेल्या वाटेने आत जातो आणि उंचवटा बघतो. कडेने गवताची पाती फुटू लागली आहेत. मग गाडीत बसून फ्रिस्कोला फोन लावतो. अमित बहुधा फोनची वाट बघत असतो, कारण पहिल्याच घंटीला उचलतो. "काका, किती बसली?" एवढंच विचारतो. मी सांगतो, या आठवड्यात पाऊस झाला, बोटभर बसली असेल. किंवा, फारशी नाही. तो "बरं" म्हणतो. आणि थोडा वेळ आम्ही दोघं फोन तसाच धरून बसतो.